शिवारांत मुलांना गाडी व ट्रॅक्टर हांकण्याचें शिक्षण

शेतकऱ्याच्या घरांत जन्मलेल्या मुलास चाकाचें वेड लहानपणापासूनच असतें. पूर्वीं तें बैलगाडीच्या साटींत बसून कासरा हातीं मिळावा म्हणून हट्ट धरीत असे. हल्लीं दारांत ट्रॅक्टर उभा असल्यास त्यावर चढून बसल्यावांचून त्यास चैन पडत नाहीं. ही आवड वाईट नव्हे. ज्या मुलास जनावराची व यंत्राची गोडी लागते, त्यास शेतीचीहि गोडी लागण्याचा संभव अधिक. परंतु या आवडीस वळण कसें लावावें, याचा विचार थोड्याच घरांत होतो. कांहीं ठिकाणीं मुलास यंत्राजवळ फिरकूंच देत नाहींत. मग वडील बाजारास गेले कीं तें चोरून किल्ली फिरवितें. कांहीं ठिकाणीं याच्या उलट, पांच वर्षांच्या पोरास कौतुकानें मडगार्डवर बसवून शिवारभर फिरवितात, आणि बाराव्या वर्षीं त्यास नांगरटीला लावतात. दोन्ही मार्ग सारखेच घातक होत. मुलांना शिकवावें, मोकळ्या रानांत शिकवावें, त्यांस मौज वाटेल असें शिकवावें. मात्र शिकणें आणि कामास जुंपणें या दोन गोष्टी अगदीं निराळ्या ठेवाव्या, एवढेंच सांगण्याकरितां हा लेख आहे.

प्रस्तुत लेखक महसुली कचेरींत कारकून असतांना अशा अपघातांचे पंचनामे व जबाब त्याच्या हातून गेले आहेत. वडील माणूस समोर उभें असून शिकतांना अपघात झाला, असें त्यांत क्वचितच आढळे. बहुधा कोणी तरी घाईनें म्हटलेलें असे, “एवढी ट्रॉली खळ्यावर नेऊन लाव,” अथवा “मी जेवून येईपर्यंत दोन फेरे मार.” म्हणजे शिक्षण अपुरें, देखरेख नाहीं, आणि काम मात्र पुऱ्या माणसाचें.

कायद्याची मर्यादा

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें १८ वर्षांखालील व्यक्तीस सार्वजनिक ठिकाणीं मोटार वाहन चालवितां येत नाहीं. सोळा वर्षांनंतर एका अगदीं लहान बिनगियरच्या दुचाकीपुरती सवलत आहे, ती ट्रॅक्टरला लागू नाहीं. कायद्याच्या दृष्टीनें ट्रॅक्टर हें मोटार वाहनच आहे. आणि सार्वजनिक ठिकाण म्हणजे केवळ डांबरी सडक, अशी पुष्कळांची समजूत असते, ती चुकीची आहे. जेथें लोकांस जाण्यायेण्याचा हक्क आहे, अशी कोणतीहि वाट त्यांत येते. पाणंद, शिवरस्ता, गांवनकाशावर तुटक रेषांनीं दाखविलेली गाडीवाट, हीं सर्व आपल्या बांधाला लागून असलीं तरी आपलीं नव्हत. मुलाचा धडा आपल्या बांधाच्या आंतच सुरू व्हावा व तेथेंच संपावा.

२०१९ सालीं या कायद्यांत कलम १९९-अ घालण्यांत आलें. अल्पवयी मुलानें वाहन चालवून गुन्हा केल्यास पालक अथवा वाहनाचा मालक यांस तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊं शकतो. वाहनाची नोंदणी बारा महिने रद्द होते. आणि त्या मुलास वयाचीं २५ वर्षें पुरीं होईपर्यंत परवाना मिळत नाहीं. याहून मोठा बोजा नुकसानभरपाईचा. चालकाजवळ परवाना नसल्यास विमा कंपनी भरलेली रक्कम मालकाकडून परत मागूं शकते. आणि न्यायाधिकरणानें ठरविलेली रक्कम मालकानें न दिल्यास, कलम १७४ प्रमाणें जिल्हाधिकाऱ्याकडे दाखला जाऊन ती जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणें वसूल होते. थकबाकीची वसुली जप्ती व लिलावापर्यंत कशी पोंचते, हें खातेदारांस सांगावयास नको. एका संध्याकाळच्या हौसेपायीं वडिलोपार्जित जमीन धोक्यांत घालणें कोणास परवडेल?

स्वतःच्या शेतांत परवान्याचा प्रश्न येत नाहीं, हें खरें. परंतु तेथेंहि ट्रॅक्टर उलटावयाचा तो उलटतोच. म्हणून वयाची मर्यादा आपणच घालून घ्यावी. ब्रिटनमध्यें १९९८ च्या नियमांन्वयें १३ वर्षांखालील मुलास शेतीकामांतील ट्रॅक्टर चालविण्याची तर नाहींच, पण त्यावर बसून जाण्याचीहि मनाई आहे. आपणहि तेराव्या वर्षापूर्वीं मुलास ट्रॅक्टरवर चढवूं नये. त्यापुढेंहि ज्याचे पाय जागेवर नीट बसून क्लच व ब्रेकवर पुरे टेकत नाहींत, त्यानें वाट पाहावी. ट्रॅक्टरवर बैठक एकच असते व माणूसहि एकच असावें. मडगार्ड ही बसण्याची जागा नव्हे. एका खड्ड्याच्या हिसक्यानें तेथील मूल मागील चाकाखालीं जातें.

पहिली शाळा बैलगाडीची

ज्यांच्या घरीं अद्याप बैल आहेत, त्यांनीं दहाव्या-अकराव्या वर्षापासून मुलास गाडी हांकावयास शिकवावी. जोडी वयस्क व शांत असावी आणि वडील माणूस शेजारीं बसलेलें असावें. कासरा किती सैल सोडावा, वळतांना आंतला बैल कसा आवरावा, उतारावर गाडी बैलांच्या अंगावर येऊं लागली तर काय करावें, हें मूल येथें शिकतें. पराणी त्याच्या हातीं देऊं नये. आवाजानें व कासऱ्यानें चालविणें हेंच खरें कसब.

गाडी भरतांना ओझें मागें अधिक झालें कीं ती उलाळ होते व जूं वर उचललें जातें. पुढें अधिक झालें कीं धुरजड होऊन बैलांच्या मानेवर भार येतो. हा उलाळ मुलास रिकाम्या गाडीवर चार पोतीं मागेंपुढें सरकवून प्रत्यक्ष दाखवावा. पुढें ट्रॅक्टर कां उलटतो, हें समजण्यास हाच धडा उपयोगीं पडतो.

जागा कशी असावी

पीक निघून गेलेलें, एकदां कुळवलेलें, सपाट व कोरडें रान निवडावें. काळ्या रेगडींत पाऊस पडून गेल्यावर धडा ठेवूं नये. उन्हाळ्यांत तिला मोठ्या भेगा पडल्या असतील तर त्या आधीं मोडून घ्याव्या. बिनकठड्याची विहीर, शेततळें व विजेच्या खांबाची ताणाची तार यांपासून जागा लांब असावी. नाल्याची अथवा ओघळीची कड जवळ असल्यास, ती जितकी खोल असेल निदान तितकें अंतर कडेपासून सोडावें, कारण चाकाच्या भारानें कड आंतून ढांसळते.

यंत्र सुरू करण्यापूर्वीं मुलास बरोबर घेऊन सर्व रान पायीं फिरावें. मोठा दगड, खुंट, खड्डा, झुकलेली फांदी, जें जें अडथळ्याचें दिसेल तें त्यानेंच शोधावें व त्याभोंवतीं चुन्याच्या फक्कीनें कडें करावें. मुलांस हा एक खेळच वाटतो. आणि जमीन आधीं पाहून मग चाक घालण्याची संवय जन्मभर टिकते.

ट्रॅक्टरचे पहिले धडे

(१) पहिला धडा बंद यंत्रावर द्यावा. क्लच, ब्रेक, गियर, हातब्रेक हे सर्व मुलानें न पाहतां पायानें व हातानें ओळखावे. मागील चाकांचे दोन ब्रेक कडीनें एकत्र जोडलेले आहेत, हें त्यानें स्वतः तपासावें. वेगांत एकच ब्रेक दाबला गेला तर ट्रॅक्टर गर्रकन वळून आडवा होतो.

(२) दुसरा धडा थांबविण्याचा. यंत्र नेहमीं जागेवर बसूनच, गियर मोकळा ठेवून व हातब्रेक ओढून सुरू करावें. खालीं उभें राहून कधींहि नाहीं. पुष्कळ ट्रॅक्टरांचें इंजिन केवळ किल्लीनें बंद होत नाहीं, त्यासाठीं दट्ट्या ओढावा लागतो. जागचें न हलतां दहा वेळां सुरू व दहा वेळां बंद केल्यावरच चाक फिरूं द्यावें.

(३) नंतर सर्वांत खालचा गियर घालून, माणसाच्या चालीनें, पन्नास पावलें सरळ. शिकविणाऱ्यानें ट्रॅक्टरवर न चढतां बाजूस दहा पावलांवर, मुलास दिसेल असें उभें राहावें. दोन्ही हात वर केले कीं थांबावयाचें, ही खूण ठरवावी. आणि वडील दिसेनासे झाले कीं खुणेची वाट न पाहतां थांबावयाचें. इतर पोरें व कुत्रीं बांधापलीकडे असावीं.

(४) हें जमल्यावर वळणें, मग मागें घेणें, आणि सर्वांत शेवटीं रिकामी ट्रॉली जोडून चालविणें. धड्याच्या वेळीं कोणतेंहि अवजार जोडूं नये. अवजारास गति देणारा मागील दांडा सामान्यतः मिनिटास ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदास नऊ. त्यांत धोतराचा सोगा, ओढणी अथवा उपरणें अडकल्यास माणसास हात काढण्यासहि अवधि मिळत नाहीं. म्हणून अंगांत नीट बसणारे कपडे व पायांत बूट असावे.

यंत्र कां उलटतें

मुलास नुसतें “सांभाळून चालव” म्हणणें व्यर्थ आहे. कारण समजलें म्हणजे तें आपण होऊन सांभाळतें. वळतांना वाहनास बाहेर फेंकणारा जोर वेगाच्या वर्गाप्रमाणें वाढतो. वेग दुप्पट केला तर जोर चौपट, तिप्पट केला तर नऊपट. म्हणून वळणाच्या आधीं वेग कमी करावा, वळणांत नव्हे. ट्रॅक्टरचा भार उंचावर असल्यानें आडव्या उतारावर तो लौकर कलतो. उतारावर सरळ वर अथवा सरळ खालीं जावें, आणि खालीं येतांना क्लच दाबून गाडी सोडून देऊं नये.

मागें उलटणें याहून भयंकर. तो बैलगाडीचा उलाळच होय. मागील चाकें चिखलांत रुतलीं व क्लच एकदम सोडला, कीं चाक फिरण्याऐवजीं ट्रॅक्टरचें तोंडच वर उचललें जातें. पुरा उलटण्यास दीड सेकंदहि लागत नाहीं. तेवढ्यांत मोठ्या माणसाचाहि पाय क्लचवर जात नाहीं. रुतलेल्या चाकास लांकडाचा ओंडका बांधून ट्रॅक्टर काढण्याची रीत याच कारणानें प्राणघातक आहे. ओढावयाचें ओझें खालच्या दांड्यासच अडकवावें, आंसाच्या वर कधींहि नाहीं. रुतलें तर मागें घेऊन पाहावें. न निघाल्यास यंत्र बंद करून वडिलांस हांक मारावी.

स्वीडनमध्यें १९५९ पासून नव्या ट्रॅक्टरांवर संरक्षक चौकट बसविणें सक्तीचें झालें व त्यामुळें उलटून मरणाऱ्यांची संख्या पुष्कळ घटली. आपल्याकडे पुष्कळ ट्रॅक्टरांवर दिसतें तें सावलीचें छत म्हणजे ही चौकट नव्हे. मजबूत चौकट असेल तर पट्टा अवश्य बांधावा. चौकट नसेल तर बांधूं नये, कारण मग चालक यंत्राखालींच अडकून राहतो.

मौज कशी आणावी

इतके नियम ऐकून मूल कंटाळेल, अशी भीति बाळगण्याचें कारण नाहीं. कौशल्याचा खेळ मुलांस वेगापेक्षां कमी प्रिय नसतो. तो त्यांच्यापुढें ठेवावा मात्र लागतो. कडब्यानें भरलेल्या पोत्यांच्या जोड्या उभ्या करून त्यांमधून न शिवतां गाडी काढणें. चुन्याच्या रेषेवर पुढील चाक नेमकें आणून थांबणें. ट्रॉलींत पाण्यानें भरलेली बादली ठेवून रानास फेरा घालणें व कमीत कमी पाणी सांडणें. रिकामी ट्रॉली दोन काठ्यांच्या मधोमध मागें घेणें. या शेवटच्या खेळांत चाक ज्या बाजूस फिरवावें त्याच्या उलट बाजूस ट्रॉली जाते, हें पाहून मुलें खूप हंसतात आणि लौकर शिकतात. भावंडें आळीपाळीनें चालवीत असल्यास गुण चुकांवरून मोजावे, वेळेवरून नव्हे. घड्याळ लावलें कीं शर्यत सुरू झालीच. धडा अर्ध्या तासाहून अधिक नसावा. मूल दमण्यापूर्वींच थांबवावें, म्हणजे तें दुसऱ्या दिवशीं आपण होऊन येतें. मुलींसहि हें शिक्षण द्यावें. त्यांच्या हातीं शेती येते तेव्हां यंत्र परक्याच्या भरंवशावर राहूं नये.

शिक्षण आणि काम

आतां मुख्य मुद्दा. मूल चांगलें चालवूं लागलें कीं वडिलांस मोह होतो. मजूर मिळत नाहीं, ट्रॅक्टरचा हप्ता डोक्यावर असतो, कारखान्याची तोड आलेली असते. मग “आपलें पोर हुषार आहे” म्हणून त्यास उसाच्या भरल्या ट्रॉलीवर रात्रीं बसवितात. रिकाम्या रानांत तीस मिनिटें नीट चालविलेलें मूल, झोंप अनावर झाली असतां, ओझ्यासह, उतारावर तसेंच चालवील असें मानणें चूक आहे. बालमजुरीविषयींच्या कायद्यांत २०१६ च्या दुरुस्तीनें १४ वर्षांखालील मुलास शाळेच्या वेळेबाहेर व सुटींत घरच्या धंद्यास हातभार लावण्याची मुभा ठेविली आहे. परंतु धोक्याच्या कामांस ती लागू नाहीं. कायदा बाजूस ठेवला, तरी ज्या दिवशीं धड्याचें काम झालें, त्या दिवसापासून मुलास थांबण्याची मोकळीक राहत नाहीं. फेरे पुरे करावयाचे असतात, वडील रागावतील ही धास्ती असते, आणि रुतलें तरी हांक न मारतां तें स्वतःच जोर करून पाहतें.

यास्तव घरांत तीन नियम कायम करावे. किल्ली वडील माणसाच्या खिशांतच राहील. वडील रानांत उभे असल्यावांचून चाक फिरणार नाहीं. आणि मुलानें “मला आज भीति वाटते” म्हटल्यास त्यास कोणी हंसणार नाहीं. १८ वर्षें पुरीं होऊन परवाना हातीं आला, म्हणजे नांगरट आहे, ट्रॉली आहे, सारा जन्म पडला आहे. तोंवर येत्या सुटींत सकाळच्या थंड वेळीं आठवड्यांतून दोनदां अर्धा तास काढावा, चुन्याची पाटी व चार कडब्याचीं पोतीं घेऊन मुलांसह रानांत जावें, आणि आरंभ थांबण्याच्या धड्यानें करावा.