आदेशामागची लेखणी : बँकिंग नियमनातील विधी अधिकारी

२३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह अर्थात पीएमसी बँकेवर निर्बंध लादले आणि ठेवीदाराला खात्यातून अवघे एक हजार रुपये काढण्याची मुभा ठेवली. शाखांबाहेर रांगा लागल्या. ठेवीदारांचा आक्रोश आणि कर्जवाटपातील गैरव्यवहार यांवर पुढे पुष्कळ लिहिले गेले. तो आदेश कायद्याच्या कोणत्या कलमाखाली निघाला, याकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. वास्तविक अशा प्रसंगी सारे काही त्या कलमावरच अवलंबून असते. आदेश न्यायालयात कोसळला, तर बँकेत उरलासुरला पैसाही बाहेर जाण्याची वाट मोकळी होते. तो कोसळू नये याची जबाबदारी ज्याच्यावर असते, तो नियामकाचा विधी अधिकारी सहसा पडद्याआडच राहतो.

अधिकार आणि त्याची चौकट

रिझर्व्ह बँकेचे १ जानेवारी १९४९ रोजी राष्ट्रीयीकरण झाले आणि त्याच वर्षी बँकिंग नियमन कायदा अस्तित्वात आला. या कायद्याचे कलम ३५ अ रिझर्व्ह बँकेला जनहितासाठी, बँकिंग धोरणासाठी किंवा ठेवीदारांच्या हितरक्षणासाठी बँकांना निर्देश देण्याचा अधिकार देते. कलम २२ परवान्याविषयी, तर कलम ४७ अ दंडाविषयी आहे. कलम ५६ मुळे हा कायदा काही फेरफारांसह सहकारी बँकांनाही लागू होतो. शब्द व्यापक असले, तरी अधिकार अमर्याद नाहीत. रिझर्व्ह बँक ही राज्यघटनेच्या अर्थाने ‘राज्य’ या संज्ञेत मोडते. त्यामुळे तिचा प्रत्येक आदेश समानतेच्या आणि वाजवीपणाच्या कसोटीवर तपासला जाऊ शकतो.

विधी विभागातील ज्येष्ठ अधिकाऱ्याचे काम येथूनच सुरू होते. परिपत्रक निघण्यापूर्वी त्याचा मसुदा तपासणे, कारणे दाखवा नोटिशीत आरोप नेमका मांडला गेला आहे की नाही हे पाहणे, उच्च न्यायालयांत दाखल झालेल्या याचिकांना उत्तर म्हणून प्रतिज्ञापत्रे तयार करवून घेणे, कायद्यातील दुरुस्त्यांबाबत सल्ला देणे ही त्याची नित्याची कामे होत. न्यायालयात युक्तिवाद बहुधा बाहेरचे ज्येष्ठ वकील करतात. पण त्या युक्तिवादाचा पाया फाइलमध्ये आधीच घातलेला असावा लागतो. तपासणी अहवालात जे नोंदवलेच नाही, ते न्यायालयात ऐनवेळी उभे करता येत नाही.

तीन निकाल, तीन धडे

हा पाया किती महत्त्वाचा आहे, हे अलीकडच्या तीन निकालांवरून ध्यानात येते. १२ फेब्रुवारी २०१८ च्या परिपत्रकाने दोन हजार कोटी रुपये वा त्याहून अधिक रकमेच्या थकीत कर्जांसाठी १८० दिवसांची मुदत घालून दिली होती. त्या मुदतीत तोडगा न निघाल्यास दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू करणे बँकांवर बंधनकारक होते. हेतू स्तुत्य होता. परंतु कलम ३५ अअ नुसार असे निर्देश केंद्र सरकारने अधिकार दिल्यावर आणि विशिष्ट थकबाकीपुरतेच देता येतात, असे सांगत सर्वोच्च न्यायालयाने २ एप्रिल २०१९ रोजी ते परिपत्रक रद्द ठरवले. दोनच महिन्यांनी, ७ जूनला, रिझर्व्ह बँकेला नवी चौकट आणावी लागली.

आभासी चलनाचे व्यवहार करणाऱ्यांना बँकसेवा नाकारणाऱ्या ६ एप्रिल २०१८ च्या परिपत्रकाचे भवितव्य ४ मार्च २०२० रोजी ठरले. या वेळी न्यायालयाने रिझर्व्ह बँकेचा अधिकार मान्य केला. मात्र त्या व्यवहारांमुळे बँकांना काही हानी झाल्याचे दाखवता न आल्याने उपाय प्रमाणाबाहेर ठरला. तिसरा निकाल २७ मार्च २०२३ चा. कर्जदाराचे खाते ‘फसवणूक’ म्हणून घोषित करण्यापूर्वी त्याचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे, असे न्यायालयाने सांगितले. त्यानुसार जुलै २०२४ मध्ये सुधारलेल्या निर्देशांत उत्तरासाठी किमान २१ दिवसांची मुदत आली. अधिकार आहे का, पुरावा आहे का आणि सुनावणी झाली का, हेच ते तीन प्रश्न. ते न्यायाधीशांनी विचारण्याआधी विधी अधिकाऱ्याने स्वतःच्या कार्यालयात विचारणे अपेक्षित असते.

घाई आणि न्याय

खरी कसोटी लागते ती घाईच्या वेळी. सुनावणीसाठी दिलेला प्रत्येक दिवस गैरकारभार करणाऱ्यांच्या पथ्यावर पडू शकतो. सुनावणीविना उचललेले पाऊल पुढे बेकायदा ठरू शकते. कायद्याने याचा विचार केला आहे. परवाना रद्द करण्यापूर्वी बँकेला सुधारणेची संधी द्यावी, असे कलम २२ सांगते. पण विलंबाने ठेवीदारांचे अहित होणार असेल, तर अपवादही मान्य करते. रद्द झालेल्या परवान्याविरुद्ध तीस दिवसांत केंद्र सरकारकडे अपील करता येते. अपवादाचा आधार घ्यायचा तर त्याची कारणे त्याच वेळी कागदावर हवीत.

पीएमसी बँक जानेवारी २०२२ मध्ये युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. विम्याच्या मर्यादेतील पाच लाखांपर्यंतच्या रकमेची सोय आधी झाली, तर मोठ्या ठेवीदारांसाठी परतफेडीची मुदत दहा वर्षांपर्यंत लांबली. दरम्यान २०२० च्या कायदादुरुस्तीने सहकारी बँकांवरील रिझर्व्ह बँकेचे अधिकार वाढवले. अधिकार वाढले तशी ते जपून वापरण्याची जबाबदारीही वाढली.

विधी अधिकाऱ्याचा अशील कोण, या प्रश्नाचे उत्तर वरकरणी सोपे आहे : रिझर्व्ह बँक. तथापि ज्याच्या हितासाठी हे अधिकार दिले गेले, तो ठेवीदार त्याच्यासमोर कधी येत नाही आणि वकीलपत्रावर सहीही करत नाही. कठोर कारवाईसाठी वरिष्ठ उत्सुक असताना ‘या कलमात हे बसत नाही’ असे लिहिणारा अधिकारी अडथळा आणतो, असे वाटू शकते. प्रत्यक्षात तोही त्या ठेवीदाराचेच काम करत असतो, कारण न्यायालयात न टिकणारा आदेश ठेवीदाराच्या कोणत्याच उपयोगाचा नसतो.