पांदणीचा राजा, ‘समृद्धी’वर पाहुणा

जीप उंच केली, लांब पाटे टाकले, रीलही झाली. पण तीच गाडी हायवेच्या स्पीडला तुमचं ऐकते का? मागच्या बाकावर बसून घेतलेला हा अनुभव, आणि त्यानंतर गॅरेजमध्ये मिळालेली उत्तरं.

तुमच्या कॉलेजच्या पार्किंगमध्ये अशी एक तरी गाडी असेलच. जुनी जीप, जाडजूड टायर आणि बॉडी इतकी उंच की आत बसायचं म्हणजे आधी उडी मारायची. आमच्याकडे ती दादाची आहे. दादा म्हणजे माझ्या मामाचा मुलगा. गाडी एमएम ५४०, वय माझ्यापेक्षा जास्त. गेल्या उन्हाळ्यात दादानं तिला चारही चाकांवर लांब पाटे टाकले, मोठे टायर चढवले. पावसाळ्यात शेताकडच्या पांदणीतून ती अशी निघाली की ट्रॅक्टरवाले थांबून बघत होते. वाशिमची काळी माती जुलैत काय करते हे तुम्हाला सांगायला नको. चपला हातात घ्याव्या लागतात, तिथून ही बाई डुलत डुलत पार!

मग दिवाळीच्या सुट्टीत नागपूरला जायचं ठरलं. शेलूबाजारला ‘समृद्धी’वर चढलो. पुढे दादा आणि त्याचा मित्र, मागे समोरासमोरच्या बाकांवर मी आणि दोघी बहिणी. साठपर्यंत सगळं मस्त. मीटरचा काटा ऐंशीला गेला आणि गाडी जणू पोहायला लागली. तेवढ्यात बाजूनं एक ट्रॅव्हल्स गेली. तिच्या हवेनं जीप सरकली. दादानं स्टिअरिंग वळवलं, तर गाडी आधी वळेचना आणि मग एकदम जास्तच वळली. दोन-तीन हेलकावे खाऊन सरळ झाली. काही झालं नाही. पण दादा एक शब्द बोलला नाही, आणि आमच्यातलंही कुणी बोललं नाही. कारंज्याला आम्ही खाली उतरलो आणि पुढचा रस्ता जुन्या मार्गानं, पन्नासच्या वेगात काढला.

पट्टीचा प्रयोग करून बघा

परत आल्यावर मी गॅरेजमध्ये जाऊन विचारलं. मिस्त्रीकाका हसले. “ताई, पाटे लांब टाकले म्हनजे काम अर्धं झालं. बाकीचं अर्धं कोन करन?”

बाकीचं अर्धं समजायचं तर आधी पाटा समजून घ्या. पोलादाच्या वाकवलेल्या पट्ट्या एकावर एक ठेवून बांधल्या की झाला पाटा. गाडीचं वजन तोच पेलतो, खड्डा तोच गिळतो आणि अ‍ॅक्सलला जागेवरही तोच धरून ठेवतो. एमएम ५४० आणि जिप्सीला चारही चाकांवर पाटेच. २०२० च्या आधीच्या थारला आणि बोलेरोला मागे पाटे. २०२० च्या नव्या थारला मात्र कॉइल स्प्रिंग आहेत.

आता कंपासमधली प्लॅस्टिकची पट्टी घ्या. बेंचच्या काठावर दाबून धरा आणि थोडीच बाहेर ठेवून टोक वाकवा. मग जास्त बाहेर काढून वाकवा. किती सोपं जातं! पाट्याचंही तसंच. त्याचा कडकपणा लांबीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. जाडी, रुंदी, पट्ट्यांची संख्या तीच ठेवून लांबी फक्त १० टक्के वाढवली, तरी पाटा साधारण २५ टक्के नरम होतो. २० टक्के वाढवली तर ४० टक्क्यांहून जास्त.

म्हणून तर पांदणीत मजा येते. एक चाक खड्ड्यात आणि दुसरं ढेकळावर असलं तरी चारही चाकं जमीन सोडत नाहीत. नुसत्या जास्तीच्या जाड पट्ट्या घालून गाडी उंच करण्यापेक्षा लांब पाटे टाकणं हा चांगलाच उपाय आहे. दादाचा निर्णय चुकला नव्हता. तो अर्ध्यावर थांबला होता.

हायवेवर घोडं कुठे अडतं?

पहिली गोष्ट, आडवी हालचाल. लांब, नरम पाटा वरखाली वाकतो तसा थोडा आडवाही वाकतो, पिळतो. तुम्ही स्टिअरिंग फिरवता, चाकं वळतात, पण वरची बॉडी क्षणभर मागे राहते. मग ती येते आणि पुढे कलंडते. आम्ही मागे बसून जे ‘पोहणं’ अनुभवलं ते हेच. पाटे बदलून शॉकअप जुनेच ठेवले तर हे हेलकावे लवकर थांबतही नाहीत.

दुसरी गोष्ट, कॅस्टर. सायकलचा पुढचा चिमटा सरळ उभा नसतो, तिरका असतो. त्या तिरकेपणामुळेच हात सोडूनही सायकल बऱ्यापैकी सरळ जाते. जीपच्या पुढच्या अ‍ॅक्सललाही असाच तिरकेपणा असतो. नवे पाटे टाकताना किंवा शॅकल लांब करताना अ‍ॅक्सल थोडं जरी फिरलं, तरी हा कोन बदलतो. कमी झाला की वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येत नाही आणि वेगात गाडी रस्ता शोधत फिरते. त्यावर इलाज म्हणजे पाटा आणि अ‍ॅक्सलच्या मध्ये मोजून घातलेली लोखंडी पाचर. पण ती कोन मोजल्यावरच घालायची, अंदाजानं नाही.

तिसरी गोष्ट, टायर. समजा, २८ इंची टायर काढून ३१ इंची घातले. आता मीटर ८० दाखवतं तेव्हा खरा वेग ८८ च्या वर असतो. म्हणजे सेकंदाला जवळपास २५ मीटर, कबड्डीची दोन मैदानं! शिवाय वेग ६० वरून ९० झाला की तो दीडपट होतो, पण ब्रेकवर पडणारं काम सव्वादोनपट होतं. ब्रेक मात्र जुनेच.

स्वीडनचा एल्क, आपला रोही

चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, उंची. स्वीडनमध्ये एल्क नावाचं मोठं हरीण रस्त्यावर अचानक येतं. म्हणून तिथे गाड्यांची एक चाचणी घेतात: वेगात असताना झटक्यात एका बाजूला वळायचं आणि लगेच परत लेनमध्ये यायचं. १९९७ मध्ये एका स्वीडिश मासिकाच्या अशाच चाचणीत मर्सिडीजची नवीकोरी ए-क्लास उलटली. कंपनीला विकलेल्या गाड्या परत बोलावून त्यांच्यात बदल करावे लागले. एवढ्या मोठ्या कंपनीच्या इंजिनीअरांचा उंचीचा हिशोब चुकू शकतो, तर आपला?

आपल्याकडे एल्क नाही, रोही आहे. कारंजा-सोहोळच्या बाजूला काळवीटही आहेत. संध्याकाळी मालेगाव किंवा मंगरूळपीरच्या रस्त्यानं गेला असाल तर तो झटका तुम्हाला ठाऊक असेल. गाडी जितकी उंच, तितका तिचा तोल वर जातो. चाकांमधलं अंतर मात्र तेवढंच राहतं. मग त्याच झटक्यात ती लवकर कलंडते. आणि जुन्या जीपच्या मागच्या बाकावर बेल्ट नसतो. आमच्याही नव्हता.

‘समृद्धी’चा हिशोब वेगळा

७०१ किलोमीटरचा हा महामार्ग आपल्या कारंजा, मंगरूळपीर आणि मालेगाव तालुक्यांतून जातो. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी टप्पा सुरू झाला आणि ५ जून २०२५ ला तो पूर्ण खुला झाला. कारसाठी वेगमर्यादा १२०. म्हणजे तुम्ही साठनं जात असाल तर मागून येणारा तुमच्या दुप्पट वेगात असू शकतो. तिथे वेगात जाणं धोक्याचं आणि फार हळू जाणंही अवघड. अशा गाडीसाठी जुना रस्ताच बरा.

आणि कायदा? मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीनं ठरवलेल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही हेच उचलून धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघात झाला तर विम्याचा क्लेमही अडू शकतो. त्यामुळे पैसे गॅरेजमध्ये देण्याआधी आरटीओत जाऊन विचारा. ‘एमएच ३७’वाल्यांना ते ऑफिस वाशिमलाच आहे.

तुमच्या ग्रुपमध्ये अशी गाडी असेल तर

● पाट्यांसोबत शॉकअप आणि ब्रेकच्या नळ्या नव्या उंचीच्या मापाच्या आहेत का बघा.
● पुढच्या अ‍ॅक्सलचा कॅस्टर मोजून घ्या.
● यू-बोल्ट काही दिवस चालवल्यावर पुन्हा आवळून घ्या. बुश आणि शॅकल तपासत राहा.
● प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलतो. थरथर जाणवली तर क्रॉस तपासा.
● मीटरचा वेग मोबाइलच्या जीपीएसशी ताडून बघा, पण ते काम शेजारच्यानं करायचं.
● हेडलाइट खाली करून घ्या. गाडी वर गेली की उजेड समोरच्याच्या डोळ्यांत जातो.
● बेल्ट नसलेल्या बाकावर कुणालाही हायवेवर नेऊ नका.

दादानं शॉकअप बदलले, कॅस्टर मोजून पाचर बसवली. मूळ पाटे अजून गोठ्याच्या कोपऱ्यात ठेवलेत. आरटीओत विचारून ते परत चढवायचे का, हे त्याचं अजून ठरलेलं नाही. पण पुढच्या वेळी आम्ही नागपूरला एसटीनं गेलो. तिकिटं त्यानंच काढली होती, आम्ही काही न सांगता.