शेगडीवरील शिक्का कसा पारखावा?

धान्याच्या व्यापारात ज्यांचे आयुष्य गेले, त्यांस शिक्क्याचे महत्त्व निराळे सांगावयास नको. तागडीवरील वजन कितीही चकचकीत असो, त्यावर वैधमापन खात्याचा शिक्का नसेल तर ते आम्ही वजन मानीत नाही. आणि शिक्का असला तरी त्याची मुदत सरली की काय, हेही पाहतो. दहा-वीस ग्रॅमांच्या फरकासाठी इतकी दक्षता बाळगणारे आपण व्यापारी लोक, ज्या शेगडीवर घरचे अन्न दोन्ही वेळा शिजते, तिच्यावरील शिक्का मात्र क्वचितच वाचतो. दुकानदार म्हणतो, "माल आयएसआयचा आहे," आणि आपण पैसे मोजून मोकळे होतो. हा शिक्का कशाचा, तो खरा की खोटा हे कसे ओळखावे, आणि त्याने कोणती हमी मिळते व कोणती मिळत नाही, एवढेच सभासद बंधुभगिनींपुढे मांडण्याचा या लेखाचा हेतू आहे.

भारतीय मानक संस्था १९४७ साली स्थापन झाली व १९५२ च्या कायद्याने तिला मालावर प्रमाणचिन्ह देण्याचा अधिकार मिळाला. १९८७ साली तिचे कार्य भारतीय मानक ब्यूरोकडे आले. परंतु आयएसआय हे जुन्या संस्थेच्या नावाचे चिन्ह लोकांच्या ओळखीचे असल्याने तसेच राहिले. घरगुती गॅस शेगडीसाठी ठरविलेल्या मानकाचा क्रमांक आय. एस. ४२४६ असा आहे. या मानकाप्रमाणे शेगडीतून वायू गळतो काय, ज्योत मागे फिरते काय, ज्वलन पुरे होऊन विषारी धूर मर्यादेत राहतो काय, या गोष्टींची परीक्षा होते. शिवाय जळणाऱ्या वायूच्या उष्णतेपैकी निदान ६८ टक्के भांड्यास मिळाली पाहिजे, अशी अट आहे. म्हणजे हा शिक्का जसा जिवाच्या रक्षणाचा, तसाच काटकसरीचाही होय.

आता तो वाचावा कसा? खऱ्या शिक्क्याचे तीन भाग असतात. मध्ये आयएसआयचे चिन्ह. त्याच्या वर मानकाचा क्रमांक. आणि त्याच्या खाली सी. एम./एल. या इंग्रजी अक्षरांपुढे कारखानदाराच्या परवान्याचा क्रमांक. यांपैकी एकही भाग नसेल, तर तो शिक्का नव्हे, नुसते चित्र होय. तसेच तो शेगडीच्या अंगावर असावा; केवळ खोक्यावर छापलेला असून भागत नाही, कारण खोके बदलता येते.

काही वर्षांपूर्वी आमच्या पेढीवरील हमालांच्या खोलीसाठी शेगडी घ्यावयाची होती. दाखविलेल्या शेगडीवर चिन्ह ठळक होते, पण खाली क्रमांकच नव्हता. विचारता दुकानदार म्हणाला, "शेटजी, क्रमांक कोण पाहतो? किंमत पाहा." आम्ही ती शेगडी परत सारली. ज्याचा परवाना आहे तो कारखानदार आपला क्रमांक लपवील कशाला?

क्रमांक असला तरी काम संपले असे नाही, कारण क्रमांक कोणताही छापता येतो. तो पडताळण्यासाठी ब्यूरोने 'बी. आय. एस. केअर' नावाचे मोबाइल ॲप दिले आहे. त्यात परवाना पडताळणीच्या ठिकाणी क्रमांक घातला की कारखानदाराचे नाव, पत्ता, मालाचा प्रकार आणि परवाना चालू आहे की नाही, हे कळते. तेथे चार गोष्टी जुळवून पाहाव्यात. नाव शेगडीवरील नावाशी जुळते काय? माल शेगडीच आहे, की क्रमांक दुसऱ्याच वस्तूचा आहे? मानक ४२४६ आहे काय? परवाना चालू आहे काय? घरातील मुलानातवंडांस सांगितले तर हे काम पाच मिनिटांत होते. न जुळल्यास त्याच ॲपवरून तक्रारही करता येते.

शेगडी एकटी नसते. तिच्याबरोबर नळी, रेग्युलेटर व सिलिंडर येतात. रबरी नळीचे मानक ९५७३ व रेग्युलेटरचे ९७९८ हे आहे. आतून तारेचे वेष्टन असलेली नारिंगी सुरक्षा नळीच घ्यावी व पाच वर्षांनी ती बदलावी. नळी वाढविण्यासाठी मध्ये जोड देऊ नये. सिलिंडरच्या मुठीखालील उभ्या पट्टीच्या आतील बाजूस एक इंग्रजी अक्षर व वर्षाचे आकडे असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर आणि डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. 'सी २८' असे असल्यास त्या सिलिंडरची फेरतपासणी सप्टेंबर २०२८ अखेर व्हावयास हवी. मुदत उलटलेले सिलिंडर घेऊ नये.

मात्र एक गोष्ट ध्यानात असू द्यावी. शिक्का हा वस्तूचा असतो, मांडणीचा नसतो. प्रमाणित शेगडीही जमिनीवर, सिलिंडरपेक्षा खाली ठेवली तर धोका राहतोच. कारण हा वायू हवेहून जड असल्यामुळे गळाल्यास खाली साचतो. सिलिंडर उभे, शेगडी ओट्यावर व खोलीस जमिनीलगत झरोका असावा. वास आल्यास विजेचे बटण चालू किंवा बंद न करता रेग्युलेटर बंद करावा, दारेखिडक्या उघडाव्यात आणि बाहेर जाऊन १९०६ या क्रमांकावर कळवावे.

लाकूडफाट्यावर चालणाऱ्या फिरत्या सुधारित चुलींसाठीही आय. एस. १३१५२ हे मानक आहे. साध्या ओढीच्या चुलीने निदान २५ टक्के व पंख्याच्या चुलीने ३५ टक्के उष्णता भांड्यास दिली पाहिजे, असे त्यात म्हटले आहे. धुराचीही मर्यादा आहे. खेड्यातील गरजू कुटुंबांस चुली वाटणाऱ्या दात्यांनी हा क्रमांक अवश्य विचारावा. दानाची वस्तू स्वस्त असली तरी चालेल. ती धोक्याची असता कामा नये.

शेवटी व्यापारी म्हणून एक सूचना. घरगुती १४.२ किलोचे सिलिंडर दुकानात वा वखारीत चहापाण्यासाठी नेण्याची रीत अनेक पेठांत दिसते. ते नियमाविरुद्ध तर आहेच. शिवाय तेल कंपन्यांच्या अपघात विम्यात मालमत्तेच्या नुकसानीची भरपाई ग्राहकाच्या नोंदलेल्या जागेपुरतीच असते. जेथे गोणपाट, सुतळी व कोरडे धान्य छतापर्यंत रचलेले असते, तेथे एक ठिणगी वर्षाची कमाई घेऊन जाईल, आणि रात्री तेथेच निजणाऱ्या हमालाचे प्राणही. मालाची भरपाई हिशेबात बसविता येईल, त्या जिवाची बसविता येणार नाही.

दिवाळीत आपण वह्या बदलतो, तागडी-वजने पुसून पूजेस मांडतो. त्याच दिवसांत घरची, दुकानाची आणि नोकरांच्या खोलीतील शेगडी एकदा उलटून पाहावी, क्रमांक वहीत टिपून ठेवावा आणि नळीची तारीख त्याच्यापुढे लिहावी, अशी सर्व सभासदांस आमची विनंती आहे.