उंदराने मान झटकली म्हणजे काय?

३ ऑगस्ट १९६२ रोजी अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटीच्या प्राणिसंग्रहालयात टस्को नावाच्या हत्तीला एलएसडी या भ्रम निर्माण करणाऱ्या द्रव्याचे २९७ मिलिग्रॅम टोचण्यात आले. हत्ती मदावर येतो तशी अवस्था या औषधाने आणता येते का, हे संशोधकांना पाहायचे होते. १९४३ मध्ये रसायनशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉफमन यांनी एलएसडी स्वतः घेतले तेव्हा पाव मिलिग्रॅमनेच त्यांना आजूबाजूचे जग विकृत दिसू लागले होते. टस्को काही मिनिटांत कोसळला. त्याला सावरायला आणखी औषधे दिली गेली, पण दोन तासांच्या आत तो मेला. एलएसडीने की नंतरच्या औषधांनी, हा वाद पुढे चालूच राहिला. एकच प्राणी आणि एकच मात्रा. तुलनेला काहीच नव्हते. एक जीव हकनाक गेला.

प्राण्याला काय भासते हे तो सांगू शकत नाही. म्हणून मोजता येईल अशी खूण शोधावी लागली. १९६७ मध्ये कॉर्न आणि पिकरिंग या संशोधकांनी ती मांडली: माणसात भ्रम निर्माण करणाऱ्या द्रव्यांनी उंदीर मान झटकतात. कानात पाणी गेल्यावर कुत्रा झटकतो, तशी. झटका इतका झटपट असतो की नुसत्या डोळ्यांनी मोजताना सहज निसटतो. म्हणून सॅन दिएगोचे संशोधक ॲडम हॅल्बरस्टॅट यांनी उंदराच्या डोक्यावर इवलेसे चुंबक बसवले आणि भोवती तारेचे वेटोळे ठेवले. मान हलली की तारेत विजेचा संकेत उमटतो आणि संगणक त्याची नोंद करतो.

या खुणेमागे ठोस कारण आहे. ही द्रव्ये मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनाच्या ‘२ए’ रिसेप्टरवर, म्हणजे ते रसायन जिथे चिकटते त्या जागेवर, काम करतात. २००७ मध्ये हा रिसेप्टर नसलेल्या उंदरांना एलएसडी दिले, तेव्हा त्यांनी मान झटकली नाही. पार्किन्सनवर वापरले जाणारे लिसुराइड हे औषधही याच रिसेप्टरला चिकटते. पण त्याने ना उंदीर मान झटकतात, ना माणसाला एलएसडीसारखे भ्रम होतात.

तरीही ही खूण फसवू शकते. ५-एचटीपी हे द्रव्य दिल्यावरही उंदीर मान झटकतात. माणसांना मात्र त्याने असे भ्रम होत नाहीत. म्हणून जोडीला दुसरी चाचणी घेतात. एलएसडी दिले असेल तर एक खटका दाबल्यावर खाणे मिळते, नुसते मिठाचे पाणी टोचले असेल तर दुसरा, हे प्रयोगशाळेतल्या घुशीसारख्या मोठ्या उंदरांना शिकवतात. मग नवे द्रव्य देऊन ते कोणता खटका दाबतात ते पाहतात.

आज या चाचण्यांना मोठे महत्त्व आले आहे. नैराश्यावर उपयोगी पडतील, पण भ्रम होणार नाहीत, अशी द्रव्ये शोधली जात आहेत. २०२० मध्ये डेव्हिड ओल्सन यांच्या प्रयोगशाळेने टॅबरनँथॅलॉग नावाचे असे एक द्रव्य मांडले, तेव्हा उंदरांनी मान न झटकणे हा त्यातला महत्त्वाचा पुरावा होता. पुरावा मोलाचा, पण तो उंदरांचा. रिसेप्टरचे कुलूप उघडले की नाही, एवढेच मान सांगते. आत कोणाला काय दिसले, हे नाही. म्हणून ‘भ्रम न करणारे औषध’ अशी बातमी वाचाल, तेव्हा ते माणसांवर तपासले आहे का, हे आधी विचारा.