खेळातून उठलेले देव

देवाच्या चित्राला पाय लागता कामा नये, हे आपल्याकडे मुलाला अक्षरओळख होण्यापूर्वीच शिकविले जाते. त्याच समाजात एके काळी विष्णूचे दहाही अवतार चटईवर पसरून, त्यांच्यावर एकमेकांचे पत्ते मारून डाव रंगविले जात होते आणि त्यात कोणालाही पाखंड दिसत नव्हते. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा ही या मोकळ्या मनाची साक्ष आहे.

गंजिफा मूळची इथली नव्हे. सिंधच्या शाह हसनला १५२७ साली आपण गंजिफा पाठविल्याची नोंद बाबराने आत्मचरित्रात केली आहे. मोगली गंजिफेत आठ रंग आणि ९६ पत्ते. मुकुट, तलवार, गुलाम असा सारा दरबारी थाट. हा खेळ इथे रुजला तेव्हा बादशहाच्या जागी अवतार आले, रंग दहा झाले, पत्ते १२० झाले. प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा पाने. राजा म्हणजे स्वतः अवतारच. खालच्या पानांवर कुठे मासे, कुठे कासवे, कुठे परशू. परक्या खेळात आपले देव बसविताना कोणाला संकोच वाटला नाही, हे आजच्या तापट वातावरणात मुद्दाम सांगायला हवे.

हे पत्ते गोल असतात. जुने पत्ते कापडाचे वा कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवून, वर रंग व लाखेचा हात देऊन केलेले असत. खेळणारे तिघे, प्रत्येकाच्या हाती ४० पाने. हुकमाचा रंग नाही. दिवसा डाव असेल तर ज्याच्याकडे राम त्याची उतारी, रात्री असेल तर कृष्णवाल्याची. अर्ध्या रंगांत दश्शी मोठी, तर उरलेल्या अर्ध्यांत तीच सर्वांत लहान. कोणता अवतार कोणत्या गटातला, हे विसरणारा हरलाच! पौराणिक ज्ञान पाठांतराने न येता असे डाव हरता-जिंकता येत असे.

राक्षसांशीही कोकणाची हीच सलगी होती. दशावतारी नाटकातला काळ्या वेषातला संकासुर वेद पळवून नेणारा. पण चेष्टामस्करी करून प्रेक्षकांना हसवितो तो तोच. वध होतो तेही त्याचे हसे वसूल झाल्यावर.

म्हणूनच २००८ पासून दूरचित्रवाणीवर गाजलेल्या ‘छोटा भीम’सारख्या मालिकांवर ‘देवादिकांची थट्टा’ असा जो आक्षेप घेतला जातो, तो फुसका वाटतो. महाभारतातून नाव आणि बळ उचलून मुलांसाठी लाडू खाणारा नवा भीम घडविणे, हे संकासुराच्या परंपरेला शोभेलसेच आहे. खरी उणीव वेगळी आहे. दप्तरावर छापलेला किंवा प्लॅस्टिकमध्ये ओतलेला हा भीम विकत घ्यायचा असतो, पाहायचा असतो; त्याच्याशी काही करण्यासाठी त्याच्याविषयी काही ठाऊक असावे लागत नाही.

दुर्दैव असे की, गंजिफेचीही आता तीच गत होऊ पाहते आहे. ही कला लोपत असता सावंतवाडीचे शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी १९७० च्या दशकात तिला राजवाड्यात आसरा दिला. पुंडलिक चितारी या वृद्ध कारागिराकडून सत्त्वशीलादेवी ती स्वतः शिकल्या आणि नव्या चित्रकारांना हाताशी घेतले. त्यामुळेच ती आज जिवंत आहे. २०२४ साली सावंतवाडीच्या गंजिफेला भौगोलिक मानांकनही मिळाले. हा सन्मान कारागिराच्या नावाला आणि पोटाला आधार देईल, यात शंका नाही. परंतु घेणारा बहुधा तिला चौकटीत बसवितो किंवा भेट म्हणून देतो. पिसणारा आणि वाटणारा विरळाच. मानांकन पत्त्याचे रक्षण करते, खेळाचे नव्हे.

खेळ वाचवायला मात्र फार काही लागत नाही. सिंधुदुर्गातील शाळांनी पावसाळ्यात, मैदाने चिखलात बुडालेली असताना, आठवड्याचा एक तास गंजिफेला द्यावा. जाड पुठ्ठ्याचे गोल कापून मुलांनीच पाने रंगवावीत. कुणाचे कासव बिघडेल, कुणाचा वराह डुकरासारखा न दिसता बैलासारखा दिसेल. बिघडू द्यावा.