भंगारात निघालेली छोटी गाडी घरच्या गॅरेजमध्ये ड्रॅग रेसिंगची गाडी कशी होते?

गाडी जुनी झाली, पत्रा गंजला, इंजिन धूर मारायला लागलं की आपण काय करतो? भंगारवाल्याला फोन. पण अमेरिकेत असे हौशी लोक आहेत जे नेमकी अशीच गाडी शोधत असतात. घराला लागून असलेल्या गॅरेजमध्ये ती उभी करतात आणि वर्ष-दोन वर्ष शनिवार-रविवार खपून तिची ड्रॅग रेसिंगची गाडी बनवतात.

आता ड्रॅग रेस म्हणजे काय, तर सरळ ट्रॅक, दोन गाड्या आणि पाव मैल म्हणजे 402 मीटर अंतर. वळण नाही, लॅप नाही. हिरवा दिवा लागला की सुटायचं, जो आधी पोहोचेल तो जिंकला.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतली तरुण पोरं ही रेस भर रस्त्यावर लावायची. अपघात वाढले, पोलीस मागे लागले. तेव्हा 'हॉट रॉड' मासिकाचे संपादक वॉली पार्क्स यांनी 1951 मध्ये नॅशनल हॉट रॉड असोसिएशन, म्हणजेच एनएचआरए सुरू केली. उद्देश साधा होता. पोरांना रस्त्यावरून उचलायचं, ट्रॅकवर आणायचं आणि नियम लावायचे.

पण जुनी आणि छोटीच गाडी का?

यासाठी शेव्हरले व्हेगाचं उदाहरण बघायला हवं. सप्टेंबर 1970 मध्ये जनरल मोटर्सने ही छोटी गाडी बाजारात आणली. 2.3 लिटरचं इंजिन, साधारण 90 हॉर्सपॉवर. पण इंजिनचा ॲल्युमिनियम ब्लॉक गरम व्हायचा, ऑइल खायचा आणि बॉडीला गंज लागायचा. गाडीचं नाव खराब झालं आणि 1977 मध्ये उत्पादन बंद पडलं.

रेसिंगवाल्यांनी मात्र तिच्यात वेगळंच काहीतरी हेरलं. गाडी वजनाला हलकी, ताकद मागच्या चाकांना जाणारी आणि बॉनेटखाली थोडी कारागिरी केली तर शेव्हरलेचं व्ही-8 इंजिन बसेल एवढी जागा. 1972 मध्ये बिल जेनकिन्स यांनी व्ही-8 बसवलेली व्हेगा पोमोनाच्या विंटरनॅशनल्समध्ये उतरवली आणि मोठ्या इंजिनांच्या गाड्यांना मागे टाकून प्रो स्टॉक गटात जिंकून दाखवली. त्यांची गाडी अर्थातच व्यावसायिक टीमची होती, पण त्यामागचं गणित घरच्या गॅरेजलाही लागू होतं.

ते गणित वजनाचं आहे. वजन भागिले हॉर्सपॉवर, यावरून 402 मीटरला किती वेळ लागेल याचा ढोबळ अंदाज येतो. ड्रायव्हरसकट 1,180 किलोची मूळ व्हेगा 90 हॉर्सपॉवरवर जवळपास 18 सेकंद घेईल. त्याच गाडीत 350 हॉर्सपॉवरचं इंजिन टाकलं तर हिशोब 11.4 सेकंदांच्या आसपास येतो. तेच इंजिन 1,630 किलोच्या मोठ्या गाडीत टाकलं तर साधारण 12.7 सेकंद. म्हणजे इंजिनवर एक रुपयाही जास्त खर्च न करता सव्वा सेकंद वाचला. ड्रॅग रेसमध्ये सव्वा सेकंद म्हणजे समोरचा आरशात दिसतो.

म्हणूनच पहिलं काम असतं सामान काढायचं. मागची सीट, कार्पेट, हीटर, आवाज अडवणारे थर, सगळं बाहेर.

इंजिन बसलं म्हणजे गाडी तयार?

इथेच नवखे फसतात. भंगाराच्या यार्डातून व्ही-8 आणणं, ते उघडून नव्याने बांधणं, नवीन माउंटिंग आणि मोठा रेडिएटर लावणं, हा कामाचा सोपा भाग आहे. खरी परीक्षा त्याच्या मागे सुरू होते.

साधा टायर जास्त ताकद आली की घसरतो आणि धूर काढतो. पण त्यामुळेच गिअरबॉक्स आणि एक्सल वाचतात. रेसिंगचा रुंद, गुळगुळीत स्लिक टायर लावला की घसरणं थांबतं आणि सगळा झटका मागच्या भागांवर येतो. 90 हॉर्सपॉवरसाठी बनवलेला एक्सल तो झेलू शकत नाही. म्हणून मोठ्या गाडीचा दणकट एक्सल आणून, दोन्ही बाजूंनी कापून, रुंदी कमी करून बसवला जातो.

दुसरी गोष्ट म्हणजे प्रोपेलर शाफ्ट. त्याचा पुढचा जॉइंट तुटला तर शाफ्ट जमिनीत रुतून गाडी उचलली जाऊ शकते किंवा फ्लोअर फाडून आत येऊ शकतो. म्हणून शाफ्टभोवती लोखंडी कडं लावतात. दिसायला किरकोळ, पण पाय वाचवणारं.

तिसरं म्हणजे बॉडी. व्हेगाला वेगळी चेसिस नाही, पत्र्याची बॉडीच सगळा भार घेते. फ्लोअर गंजलेला असेल तर व्ही-8 ची ताकद बॉडी पिळून काढते. त्यामुळे गंजका पत्रा कापून नवीन वेल्ड करणं हे रंगकामाच्या कितीतरी आधी येतं.

आणि शेवटी ब्रेक. अशी गाडी फिनिश लाइन ओलांडते तेव्हा वेग ताशी 190 किलोमीटरच्या घरात असतो. तिथून ती थांबवायचीही असते.

नियम कुठे आडवे येतात?

एनएचआरएच्या नियमांनुसार 13.99 सेकंद किंवा त्याहून कमी वेळ घेणाऱ्या गाडीत हेल्मेट सक्तीचं आहे. 11.49 किंवा त्याहून कमी असेल तर डोक्यामागे स्टीलच्या पाइपचा रोल बार हवा. 10 सेकंदांच्या आत आलात तर पूर्ण रोल केज.

आता वरचा हिशोब पुन्हा बघा. आपली व्हेगा 11.4 वर होती. म्हणजे स्वस्तातली गाडी आणि यार्डातलं इंजिन घेऊनही माणूस थेट रोल बारच्या रेषेत जाऊन बसतो. बजेट इंजिनवरच संपवलं असेल तर गाडी ट्रॅकवर तपासणीतच अडकते. मग काहींना रिकाम्या रस्त्याचा मोह होतो. ज्या गोष्टीसाठी 1951 ची सगळी धडपड होती, गाडी पुन्हा तिथेच पोहोचते.

आपल्याकडे हे जमेल का?

महाराष्ट्रात लोणावळ्याजवळच्या ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग रेस झाल्या आहेत. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीच्या मूळ रचनेत मनाप्रमाणे बदल केलेली गाडी रस्त्यावर चालवता येत नाही. त्यामुळे अशी गाडी बनवलीच तर ती ट्रॅकपुरती, आणि ट्रॅकपर्यंतही टोइंग करूनच.

अमेरिकेतले जुने हौशी मात्र कामाचा क्रम असा लावतात: आधी गंज, मग ब्रेक, मग रोल बार, मग एक्सल आणि सगळ्यात शेवटी इंजिन. कारण 11 सेकंदांची मजा घ्यायची, तर बाराव्या सेकंदाची तयारी आधी करावी लागते.