दहा वर्षांच्या मौनानंतर

एखाद्या गवयाचे गाणे ऐकू येईनासे झाले, की आपण म्हणतो, "बुवांचा गळा गेला असेल." इंग्लंडचे गायक डेव्हिड बोवी यांच्याबद्दल पुष्कळांनी असेच धरून ठेवले होते.

बोवी रॉक गाणारे. रॉक म्हणजे विजेवरच्या गिटारी, जोरकस ड्रम आणि त्यांवर मात करणारा मोकळा आवाज. हे गाणे तरुणांचे, अंगात रग असेल त्याचे, असे तिकडेही मानतात. त्यात बोवी म्हणजे बहुरूपीच! १९७० नंतरच्या दशकात नवे गाणे आणि नवे सोंग बरोबरच यायचे. जून २००४ मध्ये जर्मनीच्या दौऱ्यात हृदयाची रक्तवाहिनी तुंबल्याचे आढळले आणि हँबुर्गला शस्त्रक्रिया झाली. २००३ च्या ध्वनिमुद्रिकेनंतर नवी आलीच नाही.

मग ८ जानेवारी २०१३ ला, त्यांच्या ६६व्या वाढदिवशी, आगाऊ गाजावाजा न करता एक नवे गाणे आले. मार्चमध्ये १४ गाण्यांची 'द नेक्स्ट डे' ही ध्वनिमुद्रिका निघाली.

आपण विचाराल, एवढे काम गुप्त राहिले कसे? न्यूयॉर्कमध्ये सुमारे दोन वर्षे अधूनमधून ध्वनिमुद्रण चाले आणि वादकांकडून गुप्ततेचा करार लिहून घेतला होता. मला यात नुसती जाहिरातीची युक्ती दिसत नाही. गाणे जमले नाही तर टाकून द्यायची मोकळीक गायकाला हवी असते. लोक वाट पाहत बसले, की ती राहत नाही. येथे तर कोणी वाटच पाहत नव्हते!

आणि आवाज? ते पहिले गाणे संथ आहे. १९७६ ते ७८ मध्ये बोवी बर्लिनला राहिले, तिथल्या जागा त्यात आठवल्या आहेत. गळा बारीक, किंचित कापरा. वय लपवलेले नाही. ध्वनिमुद्रिकेत इतरत्र मात्र तोच गळा चांगला कडाडतो, म्हणजे कापरेपण सगळेच नाइलाजाचे नव्हते. वेष्टणावर १९७७ च्या 'हीरोज'चेच जुने चित्र घेऊन चेहऱ्यावर पांढरा चौकोन ठेवला आणि त्यात नवे नाव छापले. ब्रिटनमध्ये ही ध्वनिमुद्रिका खपात पहिली आली. बोवींना हा मान वीस वर्षांनी मिळाला. जानेवारी २०१६ मध्ये ते वारले, शेवटची ध्वनिमुद्रिका निघाल्यावर दोनच दिवसांनी.

गुरुजींनी वर्गात 'हीरोज'मधले त्याच नावाचे गाणे आणि २०१३ चे हे पहिले गाणे लागोपाठ ऐकवावे. शब्द कळले नाहीत तरी चालेल. दोन्ही आवाज एकाच माणसाचे आहेत, हे मात्र आधी सांगू नये.